फुकटचं सरपण

येरळाकाठी, खटावच्या बाजूला आमचं गाव. परसात तांब्याचा बंब होता. पहाटे साडेचारला आई त्यात पाणी ओतायची आणि तुराट्या, जोंधळ्याची धसकटं, शेणीचे तुकडे घालून पेटवायची. घरात दहा माणसं. आधी आबा, मग चुलते, मग आम्ही पोरं आणि सगळ्यांच्या शेवटी आई. तोवर पाणी कोमट झालेलं असायचं.

आबा म्हणायचे, "सरपण काय, फुकटचंच हाय." पण शेणी जळली की तेवढं खत रानाला कमी पडायचं. 1972 च्या दुष्काळात रानात धसकटंही उरली नाहीत. आई आणि चुलती माळावरून काट्याकुट्यांचे भारे डोक्यावर आणायच्या.

कोयनेची वीज 1962 साली सुरू झाली. आमच्याकडं खांब बऱ्याच उशिरानं आले आणि गिझर तर त्याहून उशिरा. मग भारनियमन आलं. ऐन अंघोळीच्या वेळेला वीज गायब, की पुन्हा बंब.

2009 साली मी दीडशे लिटरचा नळ्यांचा सोलर घेतला. आबा म्हणाले, "आता उन्हालाबी पैसं मोजायचं व्हय?"

मोजावे लागले. यंत्राचे बावीस हजार. गार पाण्याची टाकी सोलरपेक्षा उंच लागते, तिचा स्टँड आणि पाइप धरून आणखी चार हजार. विकणारा म्हणाला होता, तीन वर्षांत पैसे वसूल.

मी वहीत मांडून बघितलं. शंभर लिटर पाणी पंचवीस अंशांवरून साठ अंशांवर न्यायला साधारण चार युनिट वीज लागते. पावसाळा आणि ढगाळ दिवस वजा करून अडीचशे दिवस धरले, तर वर्षाला हजार युनिट. पाच रुपये दरानं पाच हजार वाचले. त्यात बोअरच्या पाण्याचे क्षार नळ्यांत बसले, दोन नळ्या फुटल्या. त्याला पाच हजार गेले. सगळं वसूल व्हायला सहा वर्षं लागली. त्यानंतरचा मात्र फायदाच.

ही झाली गिझरशी तुलना. बंबाशी लावली तर एक रुपयाही वाचला नाही. कारण बंबाच्या खात्यावर आईची पहाट, तिचा खोकला, डोक्यावरचे भारे आम्ही कधी लिहिलेच नव्हते.

आता छतावर विजेचे पॅनेलही बसतात. पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी 2024 साली राज्यातलं पहिलं सौरग्राम झाली. नवं घर बांधणाऱ्यानं दोन्हींचा हिशेब घालावा, आणि घ्यायच्या आधी आपलं पाणी जड आहे का, तेही बघावं.

पावसाळ्यात आम्ही अजून बंब पेटवतो. पण सोलर बसला त्या हिवाळ्यातली एक सकाळ आठवते. मी उठलो, तर आई अंघोळ करून उन्हाला बसलेली. आबा अजून अंथरुणातच होते.

मी विचारलं, "एवढ्या लवकर?"

"पाणी तापल्यालंच हुतं," ती म्हणाली. "कुणासाठी थांबू?"