दक्षिणा, वेतन आणि शिष्यवृत्ति

पेशवाईंतील श्रावणमास-दक्षिणेविषयीं आजवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परंतु बहुतेक लेखांचा रोख तिच्या खर्चावर व रमण्यांतील गर्दीवर असतो. परीक्षा कोणाची घेत आणि तींत उणा ठरणाराचें काय होई, हा प्रश्न मागेंच राहतो. आमच्या मतें विद्येस मिळणाऱ्या द्रव्यसाह्याच्या इतिहासाचें मर्म याच प्रश्नांत आहे. म्हणून त्याचा थोडक्यांत विचार करूं.

विद्वान् ब्राह्मणांस श्रावणांत दक्षिणा देण्याचा प्रघात सेनापति खंडेराव दाभाडे यांनीं तळेगांवीं पाडला. इ. स. १७३१ त डभईच्या लढाईंत त्रिंबकराव दाभाडे पडल्यानंतर तो पेशव्यांनीं पुण्यास चालविला, आणि पुढें पर्वतीच्या पायथ्याशीं रमण्यांत वांटप होऊं लागलें. शास्त्री-पंडितांस परीक्षेनें ठरेल तशी मोठी दक्षिणा व इतरांस अल्प, असा भेद असे. रामशास्त्री प्रभुणे यांचा भाऊ दक्षिणेस आला असतां नाना फडणीस त्यास अधिक देऊं लागले, तेव्हां ‘हा विद्वान् नाहीं, इतरांस मिळतें तेवढेंच यास मिळावें’ अशा आशयाचें शास्त्रीबोवा बोलले, ही आख्यायिका सर्वश्रुत आहे. आख्यायिकेस अस्सल कागदाची किंमत देतां येत नाहीं. तथापि परीक्षकाकडून लोकांची अपेक्षा काय होती, हें तीवरून नीट कळतें.

येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. ही परीक्षा पढलेल्याची होती, पढणाराची नव्हे. विद्यार्थी गुरुगृहीं राही, माधुकरी मागे, किंवा अन्नछत्रांत जेवी. वाढणारी गृहिणी त्यास आज किती सूत्रें पाठ झालीं, हें विचारीत नसे. मंद बुद्धीच्या मुलाचें अध्ययन लांबे. पण त्यामुळें त्याची भिक्षा तुटत नसे. अर्थात् ही उदारता बव्हंशीं एकाच वर्णापुरती होती. तिच्या कुंपणाबाहेरचा मुलगा कितीही बुद्धिमान् असला तरी त्यास ना परीक्षा, ना दक्षिणा. हें सांगितल्यावांचून तिची स्तुति करणें न्याय्य होणार नाहीं.

इंग्रजी अंमल आल्यावर कमिशनर चॅप्लिन यांच्या कारकीर्दींत दक्षिणेची रक्कम सालिना सुमारें ५०,००० रुपयांवर आणिली गेली. तिच्यांतूनच कांहीं भाग काढून ता. ६ ऑक्टोबर १८२१ रोजीं विश्रामबागवाड्यांत संस्कृत पाठशाळा उघडण्यांत आली. तेथील विद्यार्थ्यांस सरकारांतून मासिक वेतन मिळूं लागलें. दक्षिणेचा पैसा पंडिताच्या हातून विद्यार्थ्याच्या हातीं गेला, हा या पाठशाळेचा खरा विशेष होय.

परंतु ज्याच्या हातीं पैसा जातो, त्याच्याकडे हिशेबही मागितला जातो. सरकारी पैशानें विद्यार्थी पोसावा कीं काय, हा वाद प्रथम कलकत्त्यास पेटला. ता. २ फेब्रुवारी १८३५ च्या आपल्या टिपणांत मेकॉलेनें संस्कृत व अरबी शिकणारांच्या वेतनांवर टीका केली. जी विद्या लोकांस हवी असते तिच्यासाठीं ते स्वतः पैसा देतात. हिच्यासाठीं मात्र शिकणारासच पैसा द्यावा लागतो, असा त्याचा कोटिक्रम होता. ता. ७ मार्च १८३५ रोजीं बेंटिंकनें ठराव केला, कीं या संस्थांत यापुढें येणारांस वेतन देऊं नये. ता. २४ नोव्हेंबर १८३९ च्या टिपणांत ऑक्लंडनें मधला मार्ग काढिला : सर्वांस वेतन नको, पण विद्यार्थिसंख्येच्या सुमारें चतुर्थांशांस गुणानुसार शिष्यवृत्त्या द्याव्या.

वेतन आणि शिष्यवृत्ति हे केवळ पर्यायशब्द नव्हेत. वेतन हें अन्न होतें, शिष्यवृत्ति हें पारितोषिक झालें. वेतनांत दोष नव्हता असें नाहीं. पैसा मिळतो तोंवर पाठशाळा न सोडणारा विद्यार्थी कोणत्याही काळीं निघतो, आणि लोकांच्या करांतून येणाऱ्या पैशाचा जाब विचारणें योग्यच आहे. परंतु अन्न आणि पारितोषिक एकाच दोरीला बांधलें म्हणजे परीक्षेच्या दिवशीं गरीब मुलाबरोबर त्याची भूकही परीक्षेस बसते. श्रीमंताचा मुलगा नापास झाला तर त्याचें वर्ष जातें. गरिबाची विद्याच जाते.

पुण्यांतही काळ पालटला. इ. स. १८४९ त लोकहितवादी प्रभृति तरुणांनीं अर्ज केला, कीं दक्षिणेचा पैसा मराठी ग्रंथरचनेकडे लागावा. इ. स. १८५१ त दक्षिणा प्राइझ कमिटी निघाली. त्याच वर्षीं पाठशाळा व इंग्रजी शाळा एकत्र होऊन पूना कॉलेज झालें, तेंच पुढें डेक्कन कॉलेज. रा. गो. भांडारकर व म. गो. रानडे हे दोघेही दक्षिणा फेलो होते. म्हणजे दाभाड्यांनीं लाविलेल्या रोपाचें फळ मुंबई विश्वविद्यालयाच्या पहिल्या पदवीधरांपर्यंत पोंचलें. पण याच रानड्यांनीं एका निबंधांत मराठी राज्याची इंग्रजी राज्याशीं तुलना करून इंग्रजांस उणें ठरविलें, म्हणून प्रिन्सिपॉल ग्रँट यांनीं त्यांची शिष्यवृत्ति कांहीं काळ बंद ठेविली, असें चरित्रकार नमूद करितात. अभ्यासासाठीं हातीं घेतलेली दोरी मतासाठींही ओढतां येते, याचें हें उदाहरण होय.

आजही पुढील वर्षाच्या शिष्यवृत्तीस मागील वर्षींचे गुण व उपस्थिति पाहण्याची पद्धति आहे. तिचें मूळ रमण्यांत नाहीं; रमणा पंडिताचा मान ठरवीत असे. तिचें मूळ वेतनाची शिष्यवृत्ति झाली त्या पालटांत आहे.

संग्राहकांस एक विनंति करून हा लेख पुरा करितों. पोथ्यांच्या गाठोड्यांत नांवें, शास्त्रें व रुपये-आणे एवढेंच लिहिलेले सुटे बंद पुष्कळदां आढळतात, आणि नीरस म्हणून ते बाजूस टाकिले जातात. असा बंद टाकूं नये. पंडितांचीं नांवें ग्रंथांच्या अखेरीस सांपडतात. ज्यांचें अध्ययन पैशावांचून अर्धवट राहिलें, त्यांचीं नांवें असल्या याद्यांवांचून दुसरीकडे कोठेंही सांपडावयाचीं नाहींत.