तारापूरचे जळण

आमच्या कर्जत-खालापूरकडच्या माणसांना वीजघराचे नवल नाही. खोपोलीचे १९१५ सालचे, भिवपुरीचे १९२२ सालचे. घाटमाथ्यावरच्या तलावांचे पाणी नळांतून खाली धावते आणि तिकडे मुंबई उजळते. पाऊस पडला की जळण मिळाले. त्याला परक्याची सही लागत नाही. तारापूरच्या अणुवीजघराचे जळण मात्र सहीवरच येणार होते.

१९६२ साली संसदेने अणुऊर्जेचा कायदा करून अणूची सारी सूत्रे केंद्र सरकारच्या हाती दिली. पुढच्याच वर्षी, ८ ऑगस्ट १९६३ रोजी, अमेरिकेशी तीस वर्षांचा करार झाला. तारापूरच्या दोन भट्ट्यांना लागणारे समृद्ध युरेनियम अमेरिकेने पुरवायचे आणि आपणही तेथे तेच वापरायचे. वर आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची तपासणी. १९६९ साली वीज सुरू झाली.

मग मे १९७४ मध्ये पोखरणचा स्फोट झाला. त्यातले द्रव्य तारापूरचे नव्हते. कॅनडाच्या मदतीने तुर्भ्याला बांधलेल्या भट्टीतले होते. तरी अमेरिकेच्या मनात शंका आली, हे समजण्याजोगे आहे. पण तिने केले काय? १९७८ साली आपल्या घरी नवा कायदा केला: ज्या देशाची सगळी अणुकेंद्रे तपासणीला खुली नाहीत, त्याला दोन वर्षांनंतर जळण नाही. सावकाराने गहाणखत लिहून घ्यावे आणि मग आपल्या घरच्या नियमाने त्यातले कलम फिरवावे, तशातला हा प्रकार! आपले म्हणणे साधे होते: दोघांनी केलेला करार एकाच्या कायद्याने बदलत नाही.

१९८० साली तेथल्या अणुनियामक आयोगाने परवाना नाकारला. अध्यक्ष कार्टर यांनी तो निर्णय बाजूला सारला, आणि सिनेटमध्ये ४८ विरुद्ध ४६ मतांनी जळण कसेबसे सुटले. दोन मते इकडची तिकडे झाली असती, तर? अखेर १९८२ साली इंदिरा गांधी आणि रेगन यांच्या भेटीत तोड निघाली: करार तसाच राहू द्यायचा, जळण फ्रान्सने द्यायचे.

राख मात्र कोणाची, हे ठरेना. वापरलेल्या जळणातून प्लुटोनियम काढायला कराराप्रमाणे दोघांचा एकमताचा निर्णय हवा होता. तो अमेरिकेने कधी होऊ दिला नाही. ऑक्टोबर १९९३ मध्ये कराराची तीस वर्षे भरली. ते जुने जळण तेव्हाही तारापुरातच साठवलेले होते.