मेथॲम्फेटामाइन : व्यसनाच्या खुणा व मदत

मेथॲम्फेटामाइन : मेंदू व मज्जासंस्थेला तीव्रपणे चेतवणारे, ॲम्फेटामाइन गटातील कृत्रिम रसायन. बाजारात ‘मेथ’, ‘आइस’, ‘क्रिस्टल’ ही नावे रूढ. स्फटिकरूपात ते फुटलेल्या खडीसाखरेसारखे दिसते. भुकटी व गोळ्यांच्या रूपातही मिळते. कॅफीन मिसळलेल्या रंगीत गोळ्यांना ‘याबा’ म्हणतात. त्या मुख्यतः म्यानमारमधून ईशान्य भारतात येतात. हा पदार्थ धूर ओढून, नाकाने, गिळून किंवा सुईने घेतला जातो. धूर व सुई या मार्गांनी परिणाम जवळपास तत्काळ होतो आणि व्यसनही लवकर जडते. या नोंदीत घरच्यांना, शिक्षकांना व कुटुंबाच्या डॉक्टरांना ओळखता येतील अशा खुणा आणि उपचाराची वाट यांवर भर दिला आहे.

इतिहास : जपानी रसायनशास्त्रज्ञ नागाई नागायोशी यांनी १८८५ मध्ये एफेड्रा वनस्पतीतून एफेड्रिन वेगळे केले आणि १८९३ मध्ये त्यापासून मेथॲम्फेटामाइन बनवले. १९१९ मध्ये ओगाता अकिरा यांनी त्याचे स्फटिकरूप सिद्ध केले. जर्मनीत १९३८ पासून ते ‘पर्व्हिटिन’ या नावाने विकले जाई. दुसऱ्या महायुद्धात जर्मन व जपानी सैनिकांना जागे ठेवण्यासाठी त्याचा वापर झाला. युद्धानंतर जपानमध्ये व्यसनाची मोठी लाट आली व १९५१ मध्ये तेथे नियंत्रणाचा कायदा झाला. अमेरिकेत काही मोजक्या विकारांसाठी ते आजही कडक निर्बंधांखाली औषध म्हणून मान्य आहे.

शरीरातील क्रिया : मेंदूतील चेतापेशींच्या टोकांशी साठवलेले डोपामाइन हे रसायन मेथॲम्फेटामाइनमुळे एकदम बाहेर पडते आणि ते परत शोषले जाण्याची क्रियाही मंदावते. त्यामुळे उत्साह, आत्मविश्वास व जाग अनैसर्गिक प्रमाणात वाढते, भूक मरते, नाडी, रक्तदाब व शरीराचे तापमान चढते. रक्तातील त्याचे प्रमाण निम्म्यावर यायला साधारण १० ते १२ तास लागतात. कोकेनला सुमारे तासभर पुरतो. मेथ घेणाऱ्याचे जागरण इतके लांबते, त्याचे मुख्य कारण हेच.

खुणा : एकट्या एका खुणेवरून निष्कर्ष काढू नये. माणसाच्या नेहमीच्या वागण्यात पडलेला फरक आणि त्या फरकाची पुनरावृत्ती पाहावी.

(१) झोपेचे चक्र. घरात बहुधा आधी लक्षात येणारी, महत्त्वाची खूण. माणूस एक-दोन रात्री, कधी त्याहून अधिक काळ, झोपतच नाही. तरीही थकलेला दिसत नाही. रात्री दोन-तीन वाजता खोलीतला दिवा चालू असतो, कपाट पुन्हापुन्हा लावले जाते, मोबाइल किंवा दुचाकी खोलून तिचे भाग जमिनीवर मांडलेले असतात, पण काम पुरे होत नाही. यानंतर उतार येतो. माणूस दिवस-दीड दिवस, क्वचित त्याहून अधिक, मेल्यासारखा झोपतो. उठल्यावर अधाशासारखे खातो. चिडचिडा, उदास व अबोल होतो. पुढे पुन्हा जागरण सुरू होते. परीक्षेचे किंवा रात्रपाळीचे जागरण माणसाला पेंगुळवते. येथे जागरणातच उत्साह असतो. घरच्यांनी दोन-तीन आठवडे झोपण्या-उठण्याच्या वेळा, जेवण व मनःस्थिती तारीखवार लिहून ठेवल्यास डॉक्टरांना निदानात मोठी मदत होते. बाहेर पैसे देऊन केलेल्या हेरगिरीपेक्षा हे साधे टिपण अधिक उपयोगी पडते.

(२) शरीर. विस्फारलेल्या बाहुल्या, घाम, हातांची थरथर, कोरडे तोंड, जबडा आवळणे, दात खाणे. काही आठवड्यांत वजन ठळकपणे उतरते. त्वचेखाली किडे चालल्याचा भास होऊन माणूस चेहरा व हात खाजवत, कोरत राहतो. त्याच्या खपल्या व व्रण दिसतात. दीर्घ वापरात हिरड्यांलगत दात किडतात व तुटतात. तोंडाचा कोरडेपणा, दात खाणे, गोड पेयांची ओढ आणि दात घासण्याची हेळसांड ही सारी कारणे येथे एकत्र येतात. दंतवैद्याला कधीकधी घरच्यांच्या आधी शंका येते.

(३) मन व वर्तन. भरभर, तुटक बोलणे, एकाच कामात तासन्‌तास गुंतणे, अकारण संशय. ‘खाली उभा असलेला माणूस माझ्यावर नजर ठेवतो आहे’, ‘फोन टॅप होतो आहे’ अशी वाक्ये ऐकू येतात. पडदे ओढले जातात, दारे पुन्हापुन्हा तपासली जातात. पुढे आवाज ऐकू येणे व हिंसक उद्रेक संभवतात. जुने मित्र सुटतात, पैशांचा हिशेब लागत नाही, घरातल्या वस्तू नाहीशा होतात.

(४) वस्तू. काळवंडलेली काचेची नळी, बूड काढलेला बल्ब, जळक्या डागांचे ॲल्युमिनियम फॉइल, कापलेले स्ट्रॉ, छोट्या झिपच्या पुड्या, सुया.

गल्लत होण्याजोग्या अवस्था : थायरॉइडची अतिक्रियता (वजन घटणे, घाम, थरथर, निद्रानाश), द्विध्रुवी विकारातील उन्माद, तीव्र चिंता, स्किझोफ्रेनियाची सुरुवात. थायरॉइडची रक्तचाचणी सहज होते, ती आधी करून घ्यावी. महाराष्ट्रात पोलिसी कारवाईच्या बातम्यांत येणारे ‘एमडी’ म्हणजे मेफेड्रोन. ते वेगळे रसायन आहे. भारतात ते २०१५ पासून अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आले. २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी दौंड तालुक्यातील कुरकुंभ औद्योगिक वसाहतीत त्याचा प्रचंड साठा पकडला. खुणा बऱ्याचशा सारख्याच असल्याने पुढील बहुतेक मार्गदर्शन एमडीलाही लागू पडते.

चाचणी : लघवीत हा पदार्थ साधारण दोन ते चार दिवस सापडतो. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या पट्टीचा निकाल अंतिम मानू नये. सर्दीवरील स्यूडोएफेड्रिन, बुप्रोपियॉन यांसारख्या औषधांमुळे खोटा होकारार्थी निकाल येऊ शकतो. उलट मेफेड्रोन नेहमीच्या पट्टीत सुटून जाऊ शकते. पक्की खात्री प्रयोगशाळेतच होते. चोरून केलेल्या चाचणीने खात्री थोडीशी वाढते, विश्वास मात्र पार तुटतो. म्हणून चाचणी संमतीने व डॉक्टरांमार्फत करावी.

तातडीची लक्षणे : छातीत दुखणे, झटके, भडकलेला ताप, शुद्ध हरपणे, एका बाजूची शक्ती जाणे, पराकोटीचा भ्रम, आत्महत्येची भाषा. यांपैकी काहीही दिसल्यास लगेच १०८ किंवा ११२ ला फोन करावा. तोवर गर्दी हटवावी, आवाज व उजेड कमी करावा, अंग ओल्या फडक्याने गार करावे, बेशुद्ध माणसाला कुशीवर वळवावे. दोरीने बांधून ठेवू नये; झटापटीत तापमान व हृदयावरचा ताण आणखी वाढतो. काय घेतले ते डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. नॅलोक्सोन हा अफूजन्य पदार्थांवरील उतारा मेथवर चालत नाही. मात्र भेसळीत अफूजन्य पदार्थ असण्याची शक्यता असल्यास डॉक्टर तो देतात. उतार पडतानाच्या दिवसांत आत्महत्येचा धोका विशेष लक्षात घ्यावा. तेव्हा माणसाला एकटे सोडू नये.

गर्भावस्था : मुदतपूर्व प्रसूती व कमी वजनाचे बाळ यांचा धोका वाढतो, प्रसूतितज्ज्ञाला न लपवता सांगावे.

घरच्यांनी बोलणे : नशा चढलेली असताना किंवा उतार पडलेला असताना विषय काढू नये. झोप होऊन, जेवण झाल्यावर, एका विश्वासातल्या माणसाने बोलावे. डोळ्यांनी पाहिलेले सांगावे, आरोप टाळावा. उदाहरणार्थ, आई म्हणू शकते : ‘गेल्या आठवड्यात तू दोन रात्री झोपला नाहीस, जेवणही टाकलंस. मला काळजी वाटते. आपण डॉक्टरांकडे जाऊ या, मी बरोबर येते.’ पहिल्याच वेळी होकार आला नाही तरी दार बंद करू नये.

आपल्याकडे प्रेमापोटी होणाऱ्या काही गोष्टी व्यसनाला बळ देतात : देवाची शपथ घ्यायला लावून प्रकरण मिटले असे मानणे, उधारी परस्पर फेडणे, चार लोकांत बोभाटा होईल म्हणून वर्षभर लपवणे, ‘लग्न लावून दिले की सुधारेल’ म्हणून एका मुलीचे आयुष्य पणाला लावणे. जेवणातून गुपचूप देण्याच्या जाहिरातीतल्या पुड्यांना वैद्यकीय आधार नाही. त्या कधीही देऊ नयेत. घरात हिंसा होत असेल तर आधी स्वतःची व मुलांची सुरक्षितता पाहावी.

उपचार : मेथच्या व्यसनावर रामबाण औषध नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीत नॅलट्रेक्सोनचे इंजेक्शन व बुप्रोपियॉन एकत्र दिलेल्या गटात १३.६ टक्के, तर दिखाऊ औषध (प्लासिबो) दिलेल्या गटात २.५ टक्के रुग्णांना फायदा दिसला. परिणाम खरा, पण माफक. सर्वांत भक्कम पुरावा वर्तनोपचारांचा आहे : स्वच्छ चाचणीगणिक छोटे बक्षीस देण्याची पद्धत, विचार-वर्तन उपचार, आणि लॉस एंजेलिसमध्ये १९८० च्या दशकात विकसित झालेला, गटचर्चा व कुटुंबशिक्षण यांवर उभा असलेला ‘मॅट्रिक्स’ कार्यक्रम. निद्रानाश, नैराश्य व भ्रम यांवर स्वतंत्र औषधे दिली जातात. पदार्थ सुटल्यावर बहुतेकांचा भ्रम काही दिवसांत ते काही आठवड्यांत ओसरतो; काहींचा टिकतो, त्यांना मानसोपचारतज्ज्ञाची दीर्घ देखरेख लागते.

सोडल्यानंतरचा तीव्र त्रास साधारण ७ ते १० दिवस असतो. तलफ मात्र अनेक आठवडे येत राहते. त्यामुळे आठ-दहा दिवस दाखल करून ‘बरा झाला’ म्हणून घरी आणणे पुरेसे नाही. पुन्हा घेतले गेले, तर तो उपचाराचा आराखडा बदलण्याचा इशारा समजावा. संशोधक नोरा व्होल्कोव्ह व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या छोट्या अभ्यासात, वर्षाहून अधिक काळ दूर राहिलेल्यांच्या मेंदूतील डोपामाइन-वाहकांची पातळी बरीच सुधारलेली आढळली. स्मृती व हालचालींतील सुधारणा मात्र तेवढी नव्हती. सावरायला वेळ लागतो, पण माणूस सावरतो.

महाराष्ट्र व गोवा : पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र ऑगस्ट १९८६ मध्ये डॉ. अनिता (सुनंदा) व डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने सुरू केले. तरुणांमध्ये पसरलेल्या गर्दवर (ब्राउन शुगर) अनिल अवचट यांनी केलेले लेखन त्यामागे होते. समूहोपचार, दिनक्रमाची शिस्त, व्यसनातून बाहेर आलेल्यांनीच समुपदेशक होणे आणि कुटुंबाला उपचारात सामील करून घेणे ही केंद्राची वैशिष्ट्ये. गर्द व दारूच्या रुग्णांवर घडलेली ही पद्धत, रुग्णाला अपराधी न मानण्याच्या भूमिकेमुळे, नव्या रसायनांच्या काळातही मोलाची आहे.

शासकीय सेवांत येरवडा, ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालये, वैद्यकीय महाविद्यालयांचे मानसोपचार विभाग व गोव्यात बांबोळीची ‘इन्स्टिट्यूट ऑफ सायकायट्री अँड ह्यूमन बिहेव्हियर’ (आयपीएचबी) ही संस्था येतात.

व्याप्ती : केंद्र सरकारच्या २०१९ च्या अहवालानुसार १० ते ७५ वयोगटातील सुमारे ०.१८ टक्के भारतीय ॲम्फेटामाइन गटातील पदार्थ घेत होते. त्यानंतर समुद्रमार्गे मोठे साठे पकडले गेले : २०२३ मध्ये केरळ किनाऱ्याजवळ सुमारे अडीच हजार किलो, तर २०२४ मध्ये अंदमानजवळ साडेपाच हजार किलोंहून अधिक.

मदत कोठे : राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६; मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानस १४४१६; मुलांसाठी १०९८. केंद्र निवडताना तेथे मानसोपचारतज्ज्ञ येतो का, केंद्र राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदलेले आहे का, घरच्यांना भेटू देतात का, हे विचारावे. मारहाण करणारे, कोंडून ठेवणारे केंद्र टाळावे. नार्कॉटिक्स ॲनॉनिमसच्या सभा विनामूल्य असतात.

परदेशात : अमेरिकेत १-८००-६६२-४३५७, ऑस्ट्रेलियात १८०० २५० ०१५.

कायदा : १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात (एनडीपीएस) मेथॲम्फेटामाइनचे २ ग्रॅम हे अल्प, तर ५० ग्रॅम हे व्यापारी प्रमाण ठरवले आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने व्यसनाधीन व्यक्तीला उपचारांचा, गोपनीयतेचा व क्रूर वागणुकीपासून संरक्षणाचा हक्क दिला आहे. एनडीपीएसच्या कलम ६४ अ नुसार, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेल्या व्यसनी व्यक्तीने स्वेच्छेने मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेतल्यास तिला खटल्यापासून संरक्षण मिळते. उपचार अर्धवट सोडल्यास ते काढून घेता येते. ही तरतूद अनेक कुटुंबांना माहीतच नसते. पोलिसांच्या भीतीने डॉक्टरांकडे जाणे लांबवू नये.