पनवेलचा बैल आणि पशुवैद्यकाचें संग्रहालय

मुंबईहून पुण्यास जाणाऱ्या मनुष्यास हल्लीं पनवेल केव्हां आलें आणि केव्हां मागें पडलें याचा पत्ताही लागत नाहीं. दोनशें वर्षांपूर्वीं मात्र या गांवास वगळून जाणें सोपें नव्हतें. १८३० सालीं, सर जॉन माल्कम गव्हर्नर असतांना, बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला, आणि देशावरचा माल बैलगाड्यांतून घाट उतरून पनवेलच्या बंदरास येऊं लागला. तेथून पुढें तो होड्यांतून मुंबईस जाई. १८६३ सालीं घाटांतून आगगाडी धावूं लागली तोंपर्यंत हा क्रम चालला. गाडीचीं चाकें करण्याचा धंदा येथें नांवाजलेला होता यांत नवल नाहीं. १८५२ इतक्या लवकर येथें नगरपालिका स्थापन झाली, हें पनवेलकर अभिमानानें सांगतात. परंतु ज्याच्या मानेवर हा सारा व्यापार चालला, त्या बैलाची आठवण कोणी सांगत नाहीं.

म्हणूनच, पशुवैद्यकाच्या इतिहासाचें एखादें छोटेखानी संग्रहालय महाराष्ट्रांत काढावयाचें तर तें पनवेलास काढावें, असें मला फार दिवसांपासून वाटत आलें आहे. माझे मित्र यावर हंसतात. परळ सोडून पनवेल कां, असें ते विचारतात. आणि त्यांचा आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. १८३२ सालीं कंपनी सरकारनें मोकाट कुत्रीं मारण्याचा हुकूम काढला तेव्हां मुंबईंत पारशी मंडळींनीं दंगा केला. पुढें दोनच वर्षांनीं जमशेटजी जिजीभाई व मोतीशा शेट यांनीं पांजरपोळ स्थापिली. त्यानंतर दिनशा पेटिट यांच्या देणगींतून परळ येथें त्यांच्या पत्नी साकरबाई यांच्या नांवाचें जनावरांचें रुग्णालय निघालें, आणि त्याच्याच आश्रयानें १८८६ सालीं पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालें. जेम्स स्टील हे त्याचे पहिले प्राचार्य. रुग्णालय आणि महाविद्यालय दोन्ही आजतागायत चालू आहेत. तेव्हां मान परळचा, हें मला मान्य आहे.

पण हा सारा इतिहास एक तर भूतदयेचा आहे, नाहीं तर घोड्याचा. आपलें जुनें शास्त्र पाहा. शालिहोत्राच्या नांवावरून घोड्याच्या वैद्यास सालोत्री हें नांव पडलें. पालकाप्याचा हस्त्यायुर्वेद हा एवढा थोरला ग्रंथ. तो पुण्याच्या आनंदाश्रमानें १८९४ सालीं छापून काढला. घोडा आणि हत्ती हीं राजाचीं जनावरें, म्हणून त्यांना ऋषि मिळाले! इंग्रजांनींही वेगळें कांहीं केलें नाहीं. १८६२ सालीं पुण्यास जी शाळा निघाली ती लष्कराची. बैलाच्या वांट्यास आला नालबंद, तापलेल्या लोखंडाचा डाग आणि औषध पाजण्याची बांबूची नळी. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एकेका खुरास दोन, अशा आठ पत्र्या ठोकाव्या लागत. त्याकरितां त्यास दोरानें पाडून चारी पाय बांधावे लागत. हें काम करणाऱ्याचा हात किती बेताचा असला पाहिजे! खिळा अर्धा दोरा आंत गेला तर जनावर लंगडें, आणि जनावर लंगडें म्हणजे गाडीवान भिकेस. या विद्येचा ग्रंथ कोणी लिहिला नाहीं.

आणि मग बुळकांडी. ताप, तोंडांत फोड, रक्ताची हगवण, आणि आठ-दहा दिवसांत गोठा रिकामा. जगांतील पहिली पशुवैद्यक शाळा १७६१ सालीं फ्रान्समध्यें लिओं येथें स्थापन झाली, तिच्यामागें याच रोगाची भीति होती. हिंदुस्थानांत हॅलन यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाचा अहवाल १८७१ सालीं निघाला. १८८९ सालीं पुण्यास जंतुशास्त्राची प्रयोगशाळा निघाली; पण असल्या रोगाचें बीज वस्तींत बाळगणें धोक्याचें म्हणून १८९३ त ती हिमालयांत मुक्तेश्वरास हलविली. त्याच सुमारास या रोगानें आफ्रिकेंतील बहुतेक गुरें खाऊन टाकिलीं. तेथें तो हिंदुस्थानांतून नेलेल्या गुरांबरोबर गेला असें मानतात. मुक्तेश्वरासच पुढें एडवर्ड्‌स यांनीं रोगाचें बीज शेळ्यांच्या अंगांतून पुनःपुन्हां नेऊन सौम्य केलें आणि त्याची लस केली. १९५४ पासून देशभर लस टोंचण्याची मोहीम चालली. शेवटची साथ १९९५ सालीं झाली, आणि २०११ सालीं हा रोग पृथ्वीवरून नाहींसा झाल्याचें जाहीर झालें. देवीनंतर मनुष्यानें समूळ उपटलेला हा दुसराच रोग.

एवढा मोठा विजय, आणि त्याची आठवण काय राहिली? गेल्या वर्षीं मीं वर्गांत बुळकांडी म्हणजे काय असें विचारलें. चाळिसांपैकीं एकाही विद्यार्थ्यास सांगतां आलें नाहीं. पनवेल तालुक्यांतील एक मुलगी एवढेंच म्हणाली, "सर, आमची आजी म्हैस अडली कीं तिला 'मेले, तुला बुळकांडी होवो' म्हणते." शब्द शिल्लक आहे, रोग गेला आणि अर्थही गेला. २०२२ सालीं लंपीची साथ आली, जनावरांचे बाजार बंद झाले, आजारी गुरें वेगळीं बांधा म्हणून सांगावें लागलें, तेव्हां पुष्कळांस हें संकट अगदीं नवें वाटलें. त्याही वेळीं लस वापरली ती शेळ्यांच्या देवीची. शेळीचें आपल्यावर ऋण आहे तें निराळेंच.

माझ्या संग्रहालयास मोठी इमारत नको. बंदराकडील एखादें जुनें घर पुरे. दाराशीं पनवेलचें एक चाक, आंत पत्र्या, नळी, डागणी, टोंचणी करणाऱ्यांच्या जुन्या वह्या आणि गांवोगांवच्या म्हाताऱ्यांचे बोल. सामान गोळा करण्यास उशीर झाला आहे, कारण लोखंड भंगारांत जातें आणि माणसें त्याहून लवकर. त्या मुलीच्या आजीस मी दिवाळीच्या सुटींत भेटावयास जाणार आहें. साथ आली म्हणजे वेशीवर काय बांधीत, मेलेलें जनावर कोठें पुरीत, आणि लस टोंचणारा गांवांत आला तेव्हां गुरें लपविलीं कीं पुढें केलीं, एवढें तिला विचारावयाचें आहे.