सेवा कोणाची, काम कोणाचे?

माझी आजी एकोडीत बाळंतपणे करीत असे. रात्री-अपरात्री कंदील घेऊन माणूस यायचा आणि आजी निघायची. नाळ कापायची, वार पुरायची, विटाळाची लुगडी धुवायची. बाळ-बाळंतीण न्हाऊन शुद्ध झाली की त्याच घराच्या ओसरीवर तिला चढता येत नसे. मोबदला सूपभर धान. तिच्या या राबण्याला गावाने कधी ‘सेवा’ म्हटल्याचे मी ऐकले नाही. ते तिचे काम होते, जन्माने माथी आलेले. म्हणून चर्चच्या स्वयंसेवकांनी निराधारांची सेवा केली असे वाचतो, तेव्हा माझे मन त्या शब्दापाशीच अडते. मलमूत्र तेच, जखम तीच. मग एकाची सेवा आणि दुसऱ्याचे काम कसे?

हा प्रश्न घेऊन मी केडगावच्या मुक्ती मिशनच्या इतिहासाकडे वळलो. त्याला कारण आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांत होरपळला. आमचा भंडारा जिल्हा त्याच प्रांतात होता. पंडिता रमाबाई त्या वेळी या प्रांतात हिंडल्या आणि उपाशी मुली-बायका घेऊन परतल्या. आईबाप उपासमारीने गेलेले त्यांनी तरुणपणी पाहिले होते. पुण्यात प्लेग; तेव्हा या मुलींना केडगावच्या माळावर, आधी घेतलेल्या जमिनीवर ठेवावे लागले. तिथूनच ‘मुक्ती’ उभी राहिली.

दुष्काळ जात पाहत नाही असे म्हणतात. ते खोटे आहे. ज्याच्या घरी कणगी नाही तो आधी मरतो, आणि कणगी कोणाकडे नव्हती हे सांगायला नको. पण या दुष्काळाने रमाबाईंच्या संस्थेचे रूप पालटले, हे खरे. १८८९ साली मुंबईत निघालेले शारदा सदन मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठी होते. रमाबाई १८८३ मध्येच ख्रिस्ती झालेल्या. तरी सदनात ब्राह्मण विधवांचे सोवळे, त्यांचा वेगळा स्वयंपाक सांभाळला जाई. ख्रिस्ती बाईच्या छपराखाली मनूची चूल! (याच रमाबाईंच्या धर्मांतरावर सनातनी तुटून पडले, तेव्हा जोतीरावांनी १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली होती, हेही विसरता कामा नये.) केडगावला नाना जातींच्या मुली आल्या, आणि जुनी चूल जुन्या रीतीने चालणे शक्यच राहिले नाही. सुधारकांच्या व्याख्यानांनी जे झाले नाही ते भुकेने केले.

१९०० च्या सुमारास तिथे दोन हजारांच्या घरात माणसे होती. त्यांची देखभाल कोणी केली? मनोरमाबाई होत्या, मिनी अब्राम्स यांच्यासारख्या परदेशी बाया होत्या. पण एवढ्या बोटांवर मोजण्याजोग्या हातांनी दोन हजार देह धुतले जात नाहीत. ते काम आधी आलेल्या मुलींनी केले. थोरलीच्या हाती धाकट्या दिल्या जात. उवा काढणे, खरूज धुणे, भरवणे, आंधळ्या बाईचा हात धरून नेणे. १९०५ साली रमाबाईंनी प्रार्थनेसाठी स्वयंसेविका मागितल्या, तेव्हा पुढे आल्या त्याही याच मुली. त्यांच्या तुकड्या पुढे खेड्यापाड्यांत गेल्या. म्हणजे चर्चचा स्वयंसेवक आणि आश्रित ही दोन माणसे नव्हतीच. कालची आश्रित आजची सेविका होती. इतिहासात रमाबाईंचे नाव राहिले, ते योग्यच. या मुलींचा मात्र आकडा राहिला.

त्याच वर्षी, १८९७ मध्ये, सावित्रीबाईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातला प्लेगचा मुलगा पाठीवर घालून दवाखान्यात आणला आणि १० मार्चला त्या स्वतः गेल्या. त्यांच्यामागे ना मिशन होते, ना अमेरिकेचा पैसा.

मिशनच्या माणसांची माया खोटी होती असे मी म्हणणार नाही. आमच्या जखमेला हात लावायला जेव्हा गाव तयार नव्हते, तेव्हा त्यांनी लावला. पण १ जानेवारी १९३८ ला सोलापुरात ख्रिस्ती बांधवांपुढे बोलताना बाबासाहेबांनी जे दुखणे दाखवले, ते मला अजून सलते. तुमची मुले-मुली शिकली, कोणी परिचारिका झाली, कोणी शिक्षक झाला, आणि आपापल्या संसारात गुंतली. अन्यायाविरुद्ध मात्र अडाणी अस्पृश्य जेवढे लढले तेवढेही तुम्ही लढला नाहीत, असा त्यांचा आशय होता. ज्या हाताने खरूज धुतली, त्या हाताने अर्ज लिहिला नाही, मोर्चात झेंडा धरला नाही. मला वाटते, सेवेने त्या मुलींना माणूसपण दिले आणि त्याच सेवेने त्यांना कृतज्ञही करून ठेवले. कृतज्ञ माणूस हक्क मागताना अडखळतो. आजी अडखळली नसती. तिच्यावर कोणाचे उपकारच नव्हते. पण तिला मागायला शिकवणारेही कोणी नव्हते.

आमच्या भागात जन्माची नोंद कोतवालाच्या वहीत होई, आणि कोतवाल बहुधा आमच्यातलाच असे. जातीच्या दाखल्यासाठी आज तरुण पोरे त्याच वह्यांच्या नकला शोधत तहसिलीत खेटे घालतात. मीही घातले. बापाचे नाव, जात, तारीख, सारे सापडते. बाळ कोणाच्या हातात आले, याचा रकाना तिथे नाही.