सापाचं हृदय, सुई आणि परळ

हार्ट अटॅकनंतर मेलेला हृदयाचा स्नायू पुन्हा जिवंत करता येईल का? हा प्रश्न आपल्याला एकदम ‘लेटेस्ट’ वाटतो. पण त्याच्या अगदी जवळचा एक प्रयोग १९६५ साली आपल्या परळला होऊन गेलाय, आणि तोही चक्क सुईने!

आधी थोडं बेसिक. हृदय कायम रक्ताने भरलेलं असतं, पण त्याचा स्नायू आतलं रक्त सरळ वापरत नाही. त्याला रक्त मिळतं ते बाहेरून आलेल्या कॉरोनरी धमन्यांमधून. म्हणजे घर विहिरीला लागून, पण पाणी मात्र टँकरचं. टँकर अडला की शिवार करपलं. सापासारख्या सरपटणाऱ्या प्राण्यांचं तसं नसतं. त्यांच्या हृदयाचा स्नायू स्पंजसारखा असतो आणि आतल्या पोकळीतलं रक्त त्यात थेट झिरपतं.

केईएमचे सर्जन डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी नेमकं हेच हेरलं. माणसाच्या हृदयातही अशा वाटा पाडल्या तर? डॉ. उडवाडिया, डॉ. किनरे आणि डॉ. परुळकर यांच्यासोबत त्यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. धडधडत्या हृदयाच्या स्नायूला सुईने आरपार भोकं पाडायची, आतलं रक्त स्नायूत यावं म्हणून. १९६५ साली हे काम अमेरिकेतल्या शस्त्रक्रियेच्या जर्नलमध्ये छापून आलं. नाव दिलं होतं ‘ट्रान्समायोकार्डियल अ‍ॅक्युपंक्चर’.

हेच ते सेन, ज्यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये केईएममध्ये भारतातलं पहिलं हृदयरोपण केलं. केपटाऊनला बर्नार्डने पहिलं रोपण करून तीन महिनेही झाले नव्हते. जगातलं हे सहावं. रुग्ण काही तासच जगला. सप्टेंबरमधला दुसरा प्रयत्नही टिकला नाही. मेंदूमृत्यूला मान्यता देणारा कायदा आपल्याकडे यायला १९९४ उजाडलं, आणि त्याच वर्षी डॉ. वेणुगोपाल यांनी दिल्लीच्या एम्समध्ये यशस्वी रोपण केलं.

सुईचं पुढे काय झालं? भोकं बुजली. शरीर जखम भरून काढतं, हाच इथे बग ठरला. त्यातच १९६७ मध्ये फावालोरोने क्लीव्हलंडला बायपास सुरू केलं आणि सुई मागे पडली. मग ऐंशीच्या दशकात तीच कल्पना लेझर घेऊन परत आली. १९९८ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरीही मिळाली. छातीतलं दुखणं कमी व्हायचं, पण वाटा मात्र त्याही बुजायच्या.

आणि मुख्य म्हणजे, रक्त पोचवलं तरी मेलेल्या पेशी थोड्याच परत येतात? मोठ्या अटॅकमध्ये काही तासांत सुमारे एक अब्ज पेशी जाऊ शकतात. त्या जागी उरतो तो नुसता व्रण, जो आकुंचन पावत नाही. २००९ मध्ये स्वीडनच्या फ्रिसेन यांच्या गटाने अणुचाचण्यांमुळे हवेत पसरलेल्या कार्बन-१४ वरून पेशींचं वय काढलं. पंचविशीत वर्षाला जेमतेम १ टक्का पेशी नव्या होतात, पंचाहत्तरीत अर्ध्या टक्क्याहूनही कमी. मंडळी, या वेगाने दुरुस्ती होत नसते.

दरम्यान २००१ मध्ये मोठी बातमी आली होती: अस्थिमज्जेतल्या पेशींनी उंदरांचं हृदय पुन्हा बनवलं! जगभर रुग्णांवर चाचण्या सुरू झाल्या. पण २००४ मध्येच इतर प्रयोगशाळांना ते जमत नसल्याचं छापून आलं. शेवटी २०१८ मध्ये हार्वर्डने, त्या कामात आघाडीवर असलेल्या अन्वर्सा यांच्या प्रयोगशाळेतले ३१ शोधनिबंध मागे घेण्याची शिफारस केली. कारण खोटा डेटा.

हे सगळं लिहायचं कारण म्हणजे आमच्या आर्णीहून मामांचा आलेला फोन. त्यांच्या एका मित्राला कोणीतरी ‘स्टेम सेलने हार्ट नवं होतं’ असं सांगितलंय आणि तो शेत विकायच्या गोष्टी करतोय. मी मामांना एवढंच सांगितलं: आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार हृदयासाठी स्टेम सेल देता येतात त्या फक्त मंजूर क्लिनिकल ट्रायलमध्ये. आणि ट्रायलसाठी कोणी पैसे मागितले, तर सातबारा कपाटातच ठेवायला सांगा.

म्हणजे सगळंच थोतांड आहे का? नाही. २०२५ मध्ये जर्मनीतल्या गटाने प्रयोगशाळेत वाढवलेल्या स्नायूचा पॅच माकडांच्या आणि एका रुग्णाच्या हृदयावर बसवल्याचं ‘नेचर’मध्ये आलं. हो, पॅचच! टेस्टिंग मात्र अजून सुरू आहे.

तोपर्यंत स्नायू वाचवणं हेच खरं. छातीत कळ आली की ‘गॅस असेल’ म्हणत रात्र काढायची नाही. गाठ विरघळवणारं इंजेक्शन जितकं लवकर, तितका जास्त स्नायू वाचतो. आर्णीहून यवतमाळ गाठायचं म्हटलं तर हा हिशोब मिनिटांचाच आहे.

सेन यांची सुई चुकली, पण काय केलं आणि काय झालं ते छापलेलं होतं. म्हणून पुढच्यांना ते तपासता आलं. तुम्हाला कोणी नवं हृदय विकायला आलं, तर आधी तेवढंच मागा: काय केलं, किती जणांवर, आणि कुठे छापलंय?