जपानला जाताय? बुलेट ट्रेनचा पास काढण्याआधी हिशेब करा

सिंधीपुऱ्यातून लालबागच्या स्टेशनावर जाऊन मुंबईची गाडी धरली, की साधारण 500 किलोमीटरला सात-आठ तास जातात. टोकियो-क्योटो अंतरही जवळपास तेवढंच; नोझोमी शिंकानसेन ते सव्वादोन तासांत कापते. म्हणजे सकाळी निघून रात्री परत येणं सहज जमतं. पण एवढ्या एका फेरीसाठी सात दिवसांचा जपान रेल पास घेऊ नका. ऑक्टोबर 2023 मध्ये तो 29,650 वरून थेट 50,000 येन झाला. साधं जाण्या-येण्याचं तिकीट 28,000 येनच्या आसपास पडतं. शिवाय पास असला तरी नोझोमीला वेगळे पैसे मोजावे लागतात, हे बऱ्याच जणांना तिथं गेल्यावर कळतं. मध्यरात्री ते सकाळी सहा शिंकानसेन बंद असते. परतीची शेवटची गाडी आधीच बघून ठेवा.